मोटर चालते, रंग येत नाही

एअरलेस मशीनच्या तक्रारी साइटवर घाईघाईत कानावर येतात. ‘मोटर फिरतेय, पण रंगच येत नाही.’ ‘मधूनच थुंकतंय.’ ‘पट्ट्याच्या दोन्ही कडा जाड येतायत.’ ‘काल झकास चाललं होतं, आज दाबच धरत नाही.’ आणि यांतल्या जवळपास प्रत्येक तक्रारीवर पहिला उपाय एकच होतो: दाबाची गुंडी आणखी पिळायची. हे प्रकरण त्या सवयीविरुद्ध लिहिलं आहे. दाब वाढवून जाणारे दोष मोजकेच असतात. बाकीचे नुसते झाकले जातात, आणि तोवर टीप झिजते, पॅकिंग झिजतं, रंग भिंतीऐवजी हवेत जातो.

दोष शोधायचा तर यंत्र आत काय करतं ते आधी डोळ्यांसमोर हवं. कॉम्प्रेसरच्या गनमध्ये दाबाखालची हवा रंगाला फोडते आणि भिंतीवर नेते. एअरलेसमध्ये हवेचं काम नाही. इथे पंप थेट रंगालाच दाबतो, साधारण १५०० ते ३००० पीएसआयपर्यंत, म्हणजे सुमारे १०० ते २०० बार. हा दाबलेला रंग अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक भोकातून बाहेर निसटतो. २००० पीएसआयला कागदावरच्या हिशोबाने त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या घरात जातो. रंगाचा पातळ पडदा इतक्या वेगाने स्थिर हवेत शिरला की फाटतो आणि त्याचे थेंब होतात. रंग आणि हवा यांची भेट भोकाबाहेर होते, आत नाही.

कल्पना जुनी आहे. १८८७च्या सुमारास शिकागोत मार्शल फील्डच्या व्यापारी इमारतीच्या तळघरांना सफेदी करायला जोसेफ बिंक्स यांनी हातपंपावर चालणारं यंत्र बनवलं. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातल्या प्रचंड इमारती वेळेत पांढऱ्या करण्याची जबाबदारी चित्रकार फ्रान्सिस डेव्हिस मिलेट यांच्यावर होती, आणि ते काम फवारणीनेच उरकलं गेलं. ज्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, तेच हे प्रदर्शन. तेव्हा हाताने पंप मारत. आज मोटर मारते, दाब कितीतरी पट वाढला आहे, पण ‘ओढा, धरा, ढकला’ हा क्रम तोच राहिला.

पिस्टन पंपात हे काम दोन पोलादी गोळ्या करतात. कारागीर त्यांना ‘बॉल’च म्हणतात. खालचा बॉल सक्शनच्या तोंडाशी, दुसरा पिस्टनमध्ये. पिस्टन वर गेला की खालचा बॉल उचलला जातो आणि रंग आत येतो. पिस्टनमधला बॉल बंद राहून वरचा रंग पाइपाकडे ढकलतो. पिस्टन खाली आला की खालचा बॉल आपल्या बैठकीवर बसतो, रंगाला मागे फिरायला वाट राहत नाही, आणि तो पिस्टनमधून वर चढतो. ज्यांच्या घरी विहिरीवर पंप आहे त्यांना हे सांगावं लागत नाही: फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की मोटर नुसती फिरते, पाणी उचलत नाही, पंप हवा धरतो. एअरलेसचा खालचा बॉल म्हणजे रंगाचा फूट व्हॉल्व्ह, आणि त्याचं दुखणंही तेच.

त्यामुळे दोष तीनच ठिकाणी असू शकतो. रंग आत येत नाही, किंवा आत आलेला दाब धरून राहत नाही, किंवा बाहेर पडायची वाट बिघडली आहे. तक्रार कोणत्याही शब्दांत आली तरी आधी तिला या तिघांपैकी एका खणात टाकायचं.

हात लावण्याआधी

मशीन बंद केलं म्हणजे दाब गेला, असं नाही. मोटर थांबल्यावरही पंप, पाइप आणि गन यांच्यात पूर्ण दाब कोंडलेला असतो. म्हणून टीप काढण्याआधी, गाळणी उघडण्याआधी, नट सैल करण्याआधी, दर वेळी हाच क्रम: स्विच बंद, प्लग बाहेर, दाबाची गुंडी शून्यावर, गनचं तोंड बादलीच्या धातूच्या कडेला टेकवून घोडा दाबा, प्राइमचा व्हॉल्व्ह परतीच्या नळीकडे वळवा, घोड्याला कुलूप लावा. टीप आणि पाइप दोन्ही तुंबलेले असतील तर दाब सुटला असं गृहीत धरू नका. सांध्यावर जाड फडकं गुंडाळून नट अगदी हळू, थोडा थोडा सैल करा.

एवढं बजावायचं कारण आहे. या दाबाची धार त्वचेतून आत शिरते. बोटावर सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि कामगार हात धुऊन पुन्हा कामाला लागतो. आत मात्र रंग आणि थिनर स्नायुबंधांच्या कडेने तळहातापर्यंत पसरलेला असतो. अशा जखमेची पहिली वैद्यकीय नोंद १९३७ची, डिझेल इंजिनातल्या इंधनाच्या धारेची. २००६ मध्ये अमेरिकेतल्या दोन शल्यचिकित्सकांनी प्रसिद्ध झालेल्या ४३५ जखमांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांतल्या सुमारे ३० टक्के रुग्णांचा अवयव कापावा लागल्याचं दिसलं. थिनरसारखं द्रव्य आत गेलं असेल तर पहिल्या ६ तासांत जखम उघडून साफ केली की बोट वाचण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून त्या ठिपक्यावर पट्टी बांधून थांबू नका. थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा, ‘जास्त दाबाने रंग आत गेला आहे’ हे शब्द तसेच सांगा, आणि रंगाचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो सोबत न्या. पाइप कुठे गळतो ते पाहायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. गनसमोर कुणाचंही बोट नको, मशीन बंद असलं तरी नको.

रंग आत येत नाही

मोटर फिरते, परतीच्या नळीतून काही पडत नाही, किंवा नुसते बुडबुडे येतात. सर्वांत आधी रंगाच्या बादलीतून सक्शन काढा आणि स्वच्छ पाण्याच्या बादलीत घाला. रंग तेलाचा असेल तर पाण्याऐवजी त्याचं थिनर घ्या. पंपाने ते झटकन उचललं तर पंप ठीक आहे आणि रंग फार जाड आहे किंवा खालची जाळी तुंबली आहे. तेही उचललं नाही तर दोष पंपात किंवा सक्शनच्या नळीत. या एका चाचणीने अर्धी शोधाशोध वाचते, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

पंप पाणीही उचलत नसेल तर बहुतेक वेळा खालचा बॉल बैठकीला चिकटलेला असतो. आदल्या दिवशी नीट न धुतलेल्या रंगाचा पातळ थर वाळून डिंकासारखा धरतो. काही मशीनांना यासाठी बाहेरून दाबायची पिन असते. नसेल तर सक्शनची नळी सोडवून, मोटर बंद असताना, पेन्सिलीसारख्या बोथट काडीने बॉल खालून हलकेच वर ढकला. तो उचलला जाऊन परत खाली पडायला हवा. बाहेरून लाकडी मुठीने दोन हलके टोले दिले तरी कित्येकदा सुटतो. स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका. बैठकीवर एक ओरखडा पडला की बॉल पुन्हा कधी घट्ट बसत नाही.

परतीच्या नळीतून रंग येतो पण बुडबुड्यांसकट, अशा वेळी कुठून तरी हवा आत येत असते. सक्शनचा नट हाताने आवळा, आतली ओ-रिंग चिरली आहे का पाहा, आणि बादलीत रंग जाळीच्या वर आहे ना तेही पाहा. शेवटची गोष्ट हास्यास्पद वाटेल, पण परांचीवर किंवा माळ्यावर उभा असलेला माणूस खालची बादली पाहू शकत नाही. मदतनिसाला बादलीपाशी बसवणं हे खर्चाचं नाही, बचतीचं काम आहे, कारण रंगाशिवाय फिरणारा पंप आपलीच पॅकिंग जाळतो. त्यांना रंगाचाच ओलावा लागतो.

दाब धरत नाही

रंग आत येतो, गनपर्यंत पोचतो, पण घोडा दाबला की धार मलूल होते. इथे लोक पंप खोलायला बसतात. माझं म्हणणं, खोलू नका, आधी ऐका. प्राइमचा व्हॉल्व्ह फवारणीकडे वळवा, घोडा सोडून द्या, मशीन चालू ठेवा. दाब भरला की मोटर थांबायला हवी. ती थांबते तोच तिचा निरोगीपणा. (नवखे पेंटर नेमके यालाच बिघाड समजतात.) घोडा सोडलेला असतानाही ती थांबतच नसेल, सारखी फिरत असेल, तर रंग कुठून तरी मागे सरकतो आहे.

आधी परतीची नळी पाहा. तिच्यातून थेंब पडत असतील तर प्राइमचा व्हॉल्व्ह गळतो आहे, पंपाचा काही दोष नाही. ती कोरडी असेल तर पिस्टनचा रॉड पाहा. बऱ्याच मशीनांत तो थोडासा उघडा दिसतो. लांबूनच पाहा, बोट नेऊ नका. वर जाताना तो अडून थांबतो पण खाली सहज घसरतो, असं असेल तर खालचा बॉल किंवा त्याची बैठक खराब आहे: खाली येताना कोंडला जायला हवा तो रंग परत बादलीत चालला आहे. उलट खाली येताना अडतो आणि वर मात्र सहज निघून जातो, तर दोष पिस्टनमधल्या बॉलमध्ये किंवा पॅकिंगमध्ये आहे. एक पाना न लावता एवढं कळतं. मेकॅनिककडे जाताना ‘मशीन बिघडलंय’ म्हणण्याऐवजी ‘डाउन स्ट्रोकला थांबत नाही’ म्हणा. तो पंप पुरता खोलण्याऐवजी खालचा व्हॉल्व्हच काढेल.

पॅकिंगची आणखी एक खूण वरच दिसते. रॉडभोवती छोटी वाटी असते, तिच्यात तेलाचे काही थेंब रोज घालायचे असतात. त्या वाटीत तेलाऐवजी रंग वर येऊ लागला की वरचं पॅकिंग संपलं. काही मशीनांत वाटीचा नट थोडा आवळून आठवडाभर ढकलता येतं. त्यापुढे पॅकिंग बदलायचंच. बदलताना रॉडवर नख फिरवून पाहा. नखाला ओरखडा लागत असेल तर नुसतं नवं पॅकिंग टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. तो ओरखडा नव्या पॅकिंगला पहिल्याच भिंतीत कापतो.

आणि वीज. आपल्याकडच्या साइटवर हे कारण जितकं दुर्लक्षित तितकंच सर्रास. तात्पुरतं कनेक्शन, त्यातून चार मजले वर चढवलेली बारीक तारेची केबल, त्याच बोर्डावर कटर आणि मिक्सर. मशीनला २३० व्होल्ट हवेत. मोटर भाराखाली सुरू होते तेव्हा शेवटच्या टोकाला त्यापेक्षा बरेच कमी पोचतात. मग मोटर गुणगुणते पण हलत नाही, किंवा तापून ट्रिप होते, आणि दोष मशीनच्या माथी येतो. वायरची लांबी वाढवण्याऐवजी रंगाचा पाइप वाढवा. मशीन बोर्डाजवळ ठेवा, केबल अर्थिंगसह तीन तारांची, किमान २.५ चौरस मिलिमीटरची वापरा. लांब पाइपात दाब थोडा पडतो, तो सोसण्यासारखा असतो. उलट पाइप थोडा लांब आणि लवचीक असला की पिस्टनच्या धक्क्यांची धडधड त्यातच मुरते आणि पट्टा स्थिर येतो.

बाहेरची वाट

माझ्या मते निम्म्याहून अधिक तक्रारी टीप आणि गाळण्या यांच्यापाशीच संपतात. म्हणून दोष कुठला हे कळत नसेल तेव्हा सुरुवात इथून करा. स्वस्त आणि सहज निघणारी गोष्ट आधी, पंप सगळ्यात शेवटी.

टीपवरचा आकडा वाचता येणं हे या धंद्याचं अक्षरज्ञान आहे. ५१७ लिहिलं असेल तर पहिल्या ५ची दुप्पट, म्हणजे १२ इंचांवरून १० इंच रुंद पट्टा. आणि १७ म्हणजे भोक ०.०१७ इंचाचं. वार्निश आणि लाकडावरच्या एनॅमलला ३११, ३१३ सारखी टीप, भिंतीच्या इमल्शनला ५१५, ५१७, जाड प्रायमरला त्याहून मोठी. प्रत्येक मशीन किती मोठ्या भोकापर्यंत दाब टिकवू शकतं ते त्याच्या पाटीवर लिहिलेलं असतं. ते ओलांडलं की मशीन कितीही नवं असो, दाब पडणारच.

टंगस्टन कार्बाइडचं भोक रंगातल्या खनिज भुकटीने रोज घासलं जातं. ते मोठं होतं आणि गोल होत जातं. भोक मोठं झालं की रंग जास्त जातो. गोल झालं की पट्टा अरुंद होतो. १७चं भोक झिजून २१चं झालं तर त्याचं क्षेत्रफळ दीडपटीहून वाढतं. म्हणजे पट्टा अरुंद, रंग दीडपट, मधोमध जाड थर आणि त्यावर ओघळ. टीप वाचवणारा ठेकेदार रंगाच्या डब्यांत तिची किंमत पुन्हा पुन्हा मोजत असतो. नवी टीप लावली त्या दिवशी पुठ्ठ्यावर एक पट्टा मारून त्याची रुंदी लिहून ठेवा. ती चतुर्थांशाने घटली की टीप टाका. १० इंचाची साडेसात झाली की वाद नको.

पट्ट्याच्या दोन्ही कडांना जाड शेपट्या येतात तेव्हा दाब या रंगाला पुरेसा फोडत नाही. मॅनिफोल्डची गाळणी काढून धुवा, गनच्या दांड्यातली गाळणी धुवा. नंतरच दाब हळूहळू वाढवा, आणि ज्या क्षणी शेपट्या जातात तिथेच थांबा. त्याहून एक रेघही जास्त नको, कारण तिथून पुढचा दाब फक्त धुकं बनवतो. दाब जवळजवळ पूर्ण लावूनही शेपट्या राहिल्या तर डब्यावर लिहिल्याइतकं पाणी किंवा थिनर घाला, नाहीतर एक आकडा लहान टीप लावा. घाईत उलटं होतं: रंग कमी येतोय म्हणून मोठी टीप लावली जाते, दाब आणखी पडतो, शेपट्या आणखी जाड होतात.

गाळणीचं एक गणित लक्षात ठेवा. तिची छिद्रं टीपच्या भोकाहून बारीक हवीत, पण रंगाला जाऊ देतील इतकी मोठी. भिंतीच्या इमल्शनला मॅनिफोल्डमध्ये ६० मेश आणि गनमध्येही तेवढीच चालते. बारीक टीपला १०० मेश हवी. जाड प्रायमर १०० मेशमधून ढकललात तर दर अर्ध्या तासाला गाळणी धुवावी लागेल.

टीप तुंबली तर घोड्याला कुलूप, टीपचा बाण उलटा फिरवा, कुलूप काढून बादलीत एक झटका द्या, पुन्हा कुलूप लावून बाण सरळ करा. नाही निघालं तर वर सांगितल्याप्रमाणे दाब सोडूनच टीप काढा आणि ब्रश व थिनरने साफ करा. सुई किंवा तार घालू नका. कार्बाइड कडक असतं तितकंच ठिसूळही असतं, कड उडाली की पट्टा कायमचा वाकडा. दिवसातून चार वेळा टीप तुंबत असेल तर टीपला दोष देऊ नका, रंग गाळा. उघड्या डब्यावरची साय, छतावरून पडणारी पुट्टीची भुकटी, ढवळायच्या काठीची ढलपी, सगळं मलमलच्या दुपदरी कापडातून गाळलं की थांबतं.

जे मशीनचं नाही

ओघळ, पट्टे, खरखरीत पृष्ठभाग हे बरेचदा हाताचे दोष असतात. गन भिंतीपासून सुमारे ३० सेंटिमीटर, भिंतीला सरळ काटकोनात, मनगट न वळवता पूर्ण हात सरकवत. आधीच्या पट्ट्यावर अर्धा पट्टा. हात चालू झाल्यावर घोडा दाबायचा आणि थांबण्याआधी सोडायचा. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी थेंब भिंतीवर पोचण्याआधीच अर्धे वाळतात आणि हात फिरवला की वाळूसारखं लागतं. तिथे मशीन तपासण्यापेक्षा काम सकाळी लवकर घ्या. मुंबईत समुद्राकडच्या गच्चीवर वारा असताना फवारणी करूच नका. तो रंग खाली उभ्या गाड्यांवर उतरतो.

आजचे बहुतेक बिघाड कालच्या धुण्यात जन्मलेले असतात. पाण्याचा रंग असेल तर परतीच्या नळीतून आणि गनमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, गाळण्या वेगळ्या काढून धुवा. पण पाणी आत ठेवून मशीन बंद करू नका. कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळी हवेत बॉल आणि बैठका गंजतात. शेवटी पंपाचं साठवणीचं तेल किंवा मिनरल टर्पेंटाइन ओढून ठेवा. तेलाच्या रंगावरून पाण्याच्या रंगावर जाताना आधी टर्पेंटाइन, मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी. हा क्रम चुकला की आत रंग फाटतो आणि त्याच्या गुठळ्या सगळ्या गाळण्या बुजवतात. थिनरने धुताना धातूची बादली वापरा, ती जमिनीशी जोडा, गन तिच्या कडेला टेकवून ठेवा. स्थिर विजेची ठिणगी पुरते. मिथिलीन क्लोराइडसारखी क्लोरिनयुक्त द्रावकं या मशीनमध्ये कधीही घालू नका, ॲल्युमिनियमच्या भागांशी त्यांची प्रक्रिया होऊन स्फोट होऊ शकतो.

नवं मशीन घ्यायला निघालात तर मोटर किती वॉटची हा प्रश्न नंतर विचारा. आधी दुकानदाराला त्या मॉडेलचं पॅकिंगचं किट, दोन बॉल, प्राइमचा व्हॉल्व्ह आणि गनची गाळणी काउंटरवर काढून दाखवायला सांगा. दाखवली तर मशीन घ्या. ‘मागवून देतो’ म्हणाला तर घेऊ नका.